टपावर काही ठेवू नये

अमेरिकन माणसाला घराचा कंटाळा आला की तो घराबाहेर पडतो, आणि पडताना आणखी एक घर गाडीला बांधून नेतो. ह्या मागच्या घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला इंजिन नसतं, स्टिअरिंग नसतं आणि स्वतःचं मतही नसतं, असं विकणारा सांगतो. यातलं तिसरं हायवेवर खोटं ठरतं, पण ते पुढे. आत मात्र अख्खा संसार असतो. दोन शेगड्या, फ्रिज, बेसिन, एक माणूस तिरका उभा राहील एवढी न्हाणी, एक पलंग, मुलांसाठी एकावर एक दोन बंक, आणि जेवणाचं टेबल रात्री खाली दाबलं की आणखी एक पलंग. वीस फुटांत सहा माणसं झोपतात, असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. त्या सहा माणसांचे बूट कुठे झोपतात याबद्दल माहितीपत्रक मौन पाळतं.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. इथून दोनेक तासांवर इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. देशातले बहुतेक ट्रेलर त्या गावात आणि त्याच्या आजूबाजूला बनतात. करोनात विमानं थांबली आणि हॉटेलातल्या उशीकडे लोक संशयाने बघायला लागले, तेव्हा ह्या धंद्याला असा काही बहर आला की २०२१ साली सहा लाख आर.व्ही., म्हणजे चाकांवरची घरं, कारखान्यांतून बाहेर पडली. पुढे विमानं सुरू झाली, आणि अंगणात उभ्या असलेल्या ह्या वस्तूचं आता काय करायचं, हा प्रश्न अनेक हौशी मंडळींना पडला. अशाच एका हौशी गृहस्थाकडून माझ्या नवऱ्याने, मंदारने, आमचा ट्रेलर घेतला. तो गृहस्थ किल्ली देताना इतका आनंदी दिसत होता की मला तिथेच शंका आली. मंदारला आली नाही. तो तेव्हा टेबलाचा पलंग करून बघत होता.

ट्रेलर आला, मग तो ओढायला पिकअप ट्रक आला, मग सोसायटीचं पत्र आलं. आमच्या सोसायटीत घरापुढे ट्रेलर उभा करायला मनाई आहे. तो दिसला की घरांच्या किमती पडतात म्हणे. त्यामुळे गावाबाहेर एका मोकळ्या मैदानात महिन्याच्या भाड्याने आम्ही त्याच्यासाठी जागा घेतली. म्हणजे जी वस्तू फिरण्यासाठी घेतली ती उभी ठेवण्यासाठी आम्ही पैसे भरत होतो. माझं ऑफिसातलं काम हिशेबाचं आहे, त्यामुळे असल्या गोष्टी मला दिसतात आणि दिसल्या की मी बोलते. यावर मंदारचं म्हणणं असं, की हिशेबनीस बाईने कॅम्पिंगला जाऊ नये.

उन्हाळ्यात आई-बाबा पिंपरीहून आले. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या. आईकडे बॅग टांगून तोलायचा हुकाचा काटा आहे, आणि तो बावीस पूर्णांक नऊ दाखवत नाही तोवर तिला बॅग भरल्यासारखी वाटत नाही. एकवीसवर काटा थांबला तर ती मेतकुटाची आणखी एक पुडी सरकवते. रिकामी जागा वाया घालवायची नाही आणि वजनाची मुभाही वाया घालवायची नाही, असं तिचं दुहेरी धोरण आहे. आमच्या ट्रेलरच्या बाबतीत ह्या दोन गोष्टींचं एकमेकींशी पटणार नव्हतं, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये, बॉडी सेक्शनला गेली. सांगाडा समोर आला की पत्रा चढवायचा, रिबिटं मारायची, बाकं बसवायची, गाडी पुढे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही वाहनात शिरले की बाबा आधी छताकडे बघतात आणि मग बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करतात. विमानातही केलं. हवाईसुंदरीला वाटलं, पाणी हवंय.

ट्रेलरमध्ये त्यांनी चारी बाजूंनी टकटक केली आणि निकाल दिला, "पुठ्ठा आहे."

अगदीच पुठ्ठा नव्हता. बाहेरून फायबरचा पातळ पापुद्रा, मध्ये फोम, आतून दोन-तीन मिलिमीटरची प्लाय आणि तिच्यावर सागवानाचं चित्र, अशी ती भिंत असते. तीत स्क्रू पिळला की तो फिरत राहतो, कारण आत त्याला धरायला कुणी नसतं. तो धरतो फक्त जिथे ॲल्युमिनियमचा उभा नळा गेलाय तिथे. हे नळे शोधायला मंदारने एक यंत्र आणलं होतं. त्या यंत्राचे सेल तो घालत होता तोवर बाबांनी टकटक करत पेन्सिलीने सगळ्या नळ्यांच्या खुणा करून टाकल्या होत्या. "यंत्राचं काय म्हणणं आहे बघा, मंदारराव," ते म्हणाले. यंत्राचं तेच म्हणणं होतं.

मराठी माणसाला जागा काढण्याचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. पलंगाखाली ट्रंक, ट्रंकेत गादीच्या खोळी, खोळीत जुने स्वेटर आणि स्वेटरच्या घडीत फिक्स डिपॉझिटची पावती, अशा घरांत आमच्या आईवडिलांची पिढी वाढली. बाबांनी ट्रेलरमध्ये पाच मिनिटं उभं राहून तीन कलमी कार्यक्रम आखला. पलंगाचा दिवाण करायचा, वरच्या बंकचा माळा करायचा, आणि उरलेलं टपावर.

टपाचं आधी निकालात काढते. एस.टी.च्या टपावर कोंबड्यांची डालगी, आंब्याच्या पेट्या, सायकली, आणि एकदा एका लग्नाचं अख्खं रुखवत गेलेलं बाबांनी पाहिलंय. त्यामुळे छत म्हटलं की त्यांना सामानच दिसतं. पण आमच्या ट्रेलरच्या छतावर रबराची चादर चिकटवलेली आहे, तिच्याखाली पातळ प्लाय. दर वर्षी शिडी लावून सांध्यांवरचं सीलंट तपासावं लागतं; एक भेग राहिली की पाणी आत मुरतं, प्लाय कुजते, आणि हे कळतं ते छत हाताला पावासारखं मऊ लागल्यावर. हे सगळं मंदारने त्यांना समजावून सांगितलं. बाबांनी शिडीवरून एकदा डोकावून बघितलं आणि खाली उतरून म्हणाले, "मग ह्याला टप कशाला म्हणायचं?" तसं कुणीच म्हणत नव्हतं.

मग त्यांची नजर मागच्या बंपरवर गेली. तिथे कॅरिअर बसवून नातीची सायकल आणि जनरेटर ठेवायचा बेत होता. हा बंपर म्हणजे चार इंची चौकोनी पोकळ नळी, आणि तिचं खरं काम संडासाची टाकी रिकामी करायचा पाइप पोटात ठेवणं. दिसायला ती लोखंडी आणि भारदस्त असते, म्हणून लोक फसतात. बाबांनी तिच्यावर एक पाय देऊन हलकेच झोका दिला, वेल्डिंगकडे वाकून बघितलं आणि पाय मागे घेतला. "ह्याच्यावर सायकल नको," ते म्हणाले. "ओला टॉवेलसुद्धा नको."

राहिला दिवाण. पलंगाची फळी खिळलेली होती ती बाबांनी सुटी केली, बिजागऱ्या लावल्या आणि मोटारीच्या डिकीला असतात तसे दोन गॅसचे रॉड बसवले. आता एका बोटाने पलंग उघडत होता. आत काय? निम्म्या जागेत पाण्याची टाकी. मग जेवणाच्या टेबलाचं एक बाक उघडलं. त्यात पाण्याचा पंप, हीटरचा गरम हवेचा नळा आणि भेळेतल्या शेवेसारखा वायरींचा गुंता. दुसरं बाक उघडलं तर आत चाकाची कमान. ट्रेलर बनवणाऱ्याला जे जे कुठे ठेवावं सुचलं नव्हतं, ते ते त्याने आमच्या बुडाखाली ठेवलं होतं. पंपाचं बाक राहू दिलं आणि कमानीचं उखडून तिथे प्लायचा कप्प्यांचा उभा स्टँड आला. वरचा बंक जाऊन माळा आला. दरवाजामागे हुक आले. मैदानातले शेजारी आपापल्या ट्रेलरमधून खुर्च्या काढून बघायला बसले. त्यातल्या एका निवृत्त ट्रकचालकाशी बाबांची दोस्ती झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पान्यांचे आकडे दोघांना येत होते. बाबा मिलिमीटरमध्ये सांगायचे आणि तो इंचातला पाना द्यायचा, तो बसायचा नाही आणि दोघं समाधानाने मान हलवायचे.

कडी-कोयंड्यांबद्दल सांगायलाच हवं. घरातलं कपाट आणि चालत्या गाडीतलं कपाट ह्यांत फरक एवढाच, की दुसऱ्याला भूकंप रोजचा आहे. ट्रेलर रस्त्यावरून धावताना आतल्या वस्तूंवर जे गुदरतं ते पाहायला आत कुणी नसतं. पोचल्यावर दार उघडलं की कळतं. बाबांनी प्रत्येक कप्प्याला दोन कड्या लावल्या, एक दिसणारी आणि एक ती उघडी राहिली तर उपयोगी पडणारी. चहासाखर काढायला दोन्ही हात आणि एक गुडघा लागायचा. पण आईचे डबे जागचे हलले नाहीत, ही गोष्ट मान्य करायला हवी.

आता आईचे डबे. प्रेशर कुकर, तवा, पोळपाट, मिसळणाचा डबा, भाजणी, गूळ, शेंगदाण्याचं कूट, लसणीची चटणी, इंडियन स्टोअरमधली वीस पौंडांची तांदळाची पिशवी, तेवढीच कणकेची. "चार दिवसांना वीस पौंड तांदूळ?" असं मंदार म्हणाला. आई म्हणाली, "जागा आहे ना?" आणि लोखंडी खलबत्ता पुढे केला. वेलदोडे तयार पूड करून नेता आले असते. पण खलबत्त्यासाठी बाबांनी माळ्यावर खास एक कोनाडा केला होता, आणि कोनाडा रिकामा ठेवणं आमच्याकडे अशुभ नसलं तरी अपमानकारक आहे.

सगळं लावून झाल्यावर मी दाराशी उभी राहून तो पिवळा कागद वाचला.

हा कागद इथे प्रत्येक ट्रेलरच्या दाराजवळ चिकटवलेला असतो. कायद्यानेच तो लावावा लागतो. इतर सगळ्या सूचना बारीक अक्षरांत असतात, ही मात्र ठळक. आमच्या कागदावर लिहिलं होतं की सामानाचं वजन कधीही ८०० पौंडांच्या वर जाता कामा नये. म्हणजे ३६३ किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण त्याखाली दुसरी ओळ असते, की पाण्याची टाकी भरली तर ते पाणीही सामानातच धरायचं. आमची टाकी तीस गॅलनची, तिचं भरल्यावर वजन ११३ किलो. राहिले अडीचशे. त्यातून बॅटरीचे पंचवीसेक किलो वजा. बादली, होस, ठोकळे, खुर्च्या, गाद्यागिरद्या वजा. आणि मग मी जिथे बघत होते ते: बाबांचा स्टँड.

पाऊण इंची प्लायच्या एका पूर्ण तक्त्याचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. बाबांनी दोन वापरले होते. शिवाय बिजागऱ्या, रॉड, अँगल, आणि त्या दुहेरी कड्या. उखडलेल्या बाकाचं वजन त्यातून वजा करायला हवं, म्हणून आम्ही बाकाचे तुकडे आईच्या काट्याला टांगून तोलले. ते कागदासारखे हलके निघाले, कारण ते जवळजवळ कागदाचेच होते. माझा हिशेब अगदी सरळ होता. जागा वाढवण्यासाठी जे जे ठोकलं, ते आधी सामानाच्या मुभेतून खाऊन बसलं होतं. कपाट जितकं मोठं आणि मजबूत, तितकं त्यात ठेवायला कमी. आणखी दोन माळे काढले असते तर आम्हाला रिकामा ट्रेलर न्यायची परवानगी उरली असती.

"पण अजून जागा आहे," मंदार म्हणाला. तो दिवाणात हात घालून दाखवत होता.

ही आमच्या घरातली मूळ अडचण. पिंपरीच्या घरात वजनाला मुभा होती आणि जागेला नव्हती. इमारत काही आईच्या डब्यांनी खचणार नव्हती, म्हणून छतापर्यंत रचत जायचं. इथे उलट. इथे हवा हवी तेवढी आहे, पोकळी आहे, ती डोळ्यांना दिसते आणि हाताला खाज सुटते. आणि जे संपलंय ते दिसतच नाही. बाबांनी पिवळ्या कागदाकडे बघून हात झटकला. "गाडीत पाटी असतेच. बसलेले इतके, उभे इतके. यात्रेच्या दिवसात ती पाटी कोण वाचतं? कंडक्टरसुद्धा तिला टेकून उभा असतो."

मिशिगन राज्याच्या उत्तरेकडे, लेक सुपीरियरच्या काठी जायचं ठरलं होतं. शहर मागे पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग हायवेवर एक लांबलचक ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्याच्या हवेचा झोत बसला, आणि ट्रेलरला स्वतःचं मत आलं. तो आधी डावीकडे किंचित सरकला, मग उजवीकडे जरा जास्त, मग डावीकडे आणखी जास्त, आणि त्या लयीत आमच्या ट्रकची शेपटी त्याच्याबरोबर डोलायला लागली. अशा वेळी पाय ब्रेकवर जातो, आणि तेच करायचं नसतं. मंदारने ते केलं नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवून ठेवते. त्याने ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका हाताने दाबला. मागून ओढ बसली आणि डोलणं थांबलं. गाडीत कुणी बोललं नाही. आईने मधेच थांबवलेली गोष्ट नातीला पुढे सांगायला सुरुवात केली, पण ती वेगळीच गोष्ट होती.

पुढच्या ट्रकस्टॉपवर थांबलो. बाबा शर्ट न काढता ट्रेलरखाली आडवे झाले. खालून त्यांचा आवाज आला तो वर्कशॉपमधला होता. "पाटे सपाट झालेत. कमान राहिलेली नाही. इकडे ये, बघ." मी वाकून बघितलं. जे पाटे धनुष्यासारखे दिसायला हवेत ते फूटपट्टीसारखे दिसत होते. पाटीवर हसणारे बाबा पाट्यांपुढे गप्प झाले. छापलेल्या आकड्याला ते मानत नाहीत. पोलादाने तोंडावर सांगितलं की मानतात.

ट्रकस्टॉपवर मोठा काटा असतो, रस्त्यातच बसवलेल्या तीन लोखंडी फरशा. पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलर तिसरीवर. खिडकीतून हात लांब करून बटण दाबायचं, मग पेटीतून एक आवाज विचारतो, पहिलं वजन की फेरवजन? आधी ट्रेलरसकट तोलायचं, मग ट्रेलर बाजूला सोडून नुसता ट्रक. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वजाबाकी केली की सगळं कळतं. चिठ्ठी हातात घेऊन बाबांनी ती उलटी करून बघितली. आपल्याकडे स्टेशनवरच्या काट्यातून पडणाऱ्या तिकिटाच्या मागे भविष्य असायचं.

"भविष्य नाही यावर," ते म्हणाले.

"आहे," मंदार म्हणाला. "वाईट आहे."

एकूण वजन जास्त होतं, हे एक. पण डोलण्याचं कारण वेगळंच निघालं. ट्रेलरचं जे काही वजन असेल त्याच्या दहा ते पंधरा टक्के वजन पुढे, ट्रकच्या हूकवर पडायला हवं. तसं पडलं तर ट्रेलर मुकाट मागे येतो. ते कमी झालं, म्हणजे चाकांच्या मागच्या बाजूला सामान जड झालं, की तो शेपूट हलवायला लागतो. आमच्या ट्रेलरचे बंक अगदी मागे आहेत. म्हणजे बाबांचा माळाही अगदी मागे. आणि माळ्यावर तांदूळ, कणीक, जनरेटर आणि खलबत्ता, हे सगळं आईने दोन कड्यांच्या आत व्यवस्थित बसवलेलं. ते जागचं तसूभर हललं नव्हतं, फक्त ट्रेलर हलला होता.

त्यानंतर ट्रकस्टॉपच्या कोपऱ्यात जे झालं त्याला मी उपसा म्हणेन. पहिल्यांदा टाकीचा नळ उघडला आणि ११३ किलो पाणी गवतात गेलं. कॅम्पग्राउंडवर नळ असतो, ते ओढत न्यायचं काही कारणच नव्हतं. मग माळ्यावरचं सगळं पुढे दिवाणात आलं. जनरेटर ट्रकमध्ये गेला. खलबत्ता आईने स्वतः पायाशी घेतला आणि उरलेला प्रवास त्यावर टाच ठेवून केला.

मग बाबा स्टँडपुढे उभे राहिले. तो काढायला ते तयार नव्हते, आणि आम्हीही तसं सुचवलं नाही. त्यांनी ड्रिल मशीनला गोल भोक पाडायची करवत लावली आणि फळ्यांना भोकं पाडायला सुरुवात केली. ताकद कडेला असते, मधली प्लाय नुसती बसून खाते, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खोटं नाही, विमानाच्या सांगाड्यातही अशी भोकं पाडतात. कॅम्पग्राउंडवर पोचल्यावरही ते काम चालूच राहिलं. बशीएवढ्या चकत्या पडत होत्या. मी त्या पिशवीत भरून काट्याला टांगत होते आणि वहीत लिहीत होते. फळ्या चाळणीसारख्या झाल्या, स्टँड खरंच हलका झाला, आणि वहीतला आकडा बघून मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. संध्याकाळी दिवाण उघडला तर पिशवी आत. आईने सगळ्या चकत्या पुसून ठेवल्या होत्या. "गरम भांड्याखाली ठेवायला," ती म्हणाली. "टाकायच्या कशाला? लाकूड चांगलं आहे."

लेक सुपीरियरबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याच्यावर बऱ्याच लोकांनी लिहिलंय आणि आम्ही ते कमीच पाहिलं. बाबांचा बराच वेळ पाणसळ घेऊन ट्रेलर समतल करण्यात गेला. चाकाखाली ठोकळा घाल, बुडबुडा बघ, ठोकळा काढ. आईने फोडणी केली की छतावरचा धुराचा भोंगा वाजायचा आणि आजूबाजूचे लोक बाहेर यायचे. सुरुवातीला ते घाबरून यायचे, नंतर ताटली घेऊन.

आमच्या शेजारी एक चकचकीत चांदीरंगी ट्रेलर येऊन उभा राहिला. एअरस्ट्रीम. सगळं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि त्यावर रिबिटांच्या रांगाच रांगा. बाबांनी मालकाची परवानगी न घेता टकटक केली. आवाज खणखणीत आला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभानंतर पाहिलं नव्हतं. "हे काम," ते म्हणाले, आणि एका रांगेवरून अंगठा फिरवत पार मागच्या दिव्यापर्यंत गेले. वॉली बायम नावाच्या माणसाने ही कंपनी १९३१ साली काढली, १९३६ पासून असे गोल पाठीचे पत्र्याचे ट्रेलर निघताहेत, असं मंदारने सांगितलं. बाबांनी हिशेब केला. एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ ला. "म्हणजे आपल्या आधीचे," ते म्हणाले. बारा वर्षांची ज्येष्ठता त्यांनी खळखळ न करता मान्य केली.

मालक बोलका निघाला. त्यानेच अपोलो ११ ची गोष्ट काढली. १९६९ च्या जुलैमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स चंद्राच्या मोहिमेवरून परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडचे जंतू आले असतील ह्या भीतीने त्यांना बोटीवरच एका बंद खोलीत ठेवलं. ती खोली म्हणजे फेरफार केलेला एअरस्ट्रीम. आत ते तिघं, एक डॉक्टर आणि एक इंजिनियर. अध्यक्ष निक्सन बाहेर उभे राहून काचेतून बोलले. मी हे भाषांतर करून सांगत होते. बाबांनी नेमका प्रश्न विचारला, "फेरफार काय केला?"

"चाकं काढली."

बाबांनी माझ्याकडे, मग आमच्या ट्रेलरकडे बघितलं. "मग काय," ते म्हणाले. "चाकं काढल्यावर कुणीही माळा काढेल."

आईला वेगळीच शंका होती. एवढ्या लांबून ते आले, तर आणलं किती? आणले दगड-माती मिळून साडेएकवीस किलो. आईने मान डोलावली. तिच्या बॅगेत ते बसलं असतं आणि वर मेतकुटाची पुडीही गेली असती.

शरद लागल्यावर आई-बाबा परत गेले. हुकाचा काटा आई माझ्याकडे ठेवून गेली. तुला जास्त लागतो, म्हणाली. ट्रेलरच्या नळांतलं पाणी काढून, गोठू नये म्हणून गुलाबी द्रव भरून आम्ही तो हिवाळ्यासाठी मैदानात लावला. आणि त्याच सुमारास इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला.

"ताई, तुमच्या ट्रेलरमध्ये खूप जागा काढलीय असं ऐकलं."

"वजन किती?" मी विचारलं.

"कशाचं?"

"जे ठेवायचंय त्याचं."

ते जरा थांबले. चुकून भलतीकडेच फोन लागलाय का अशी त्यांना शंका आली असावी. "मखर आहे," ते म्हणाले. "गणपतीचं. थर्माकोलचं. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये असतं, ह्या वर्षी कुणीच फोन उचलत नाहीये."

महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे. आमच्या मंडळाचं मखर त्याच्या आधीचं, आणि वर्गणीची स्थिती पाहता ते त्याच्या बऱ्याच नंतरही राहील. शनिवारी ते दोन गाड्यांतून आलं. खांब, कमानी, महिरप, कळस, मागची प्रभावळ आणि एक मोर, ज्याचं नातं कुठल्या वर्षाच्या देखाव्याशी होतं ते कुणालाच आठवेना. मी एकेक भाग काट्याला टांगला. कळस काट्याने मोजलाच नाही. त्याला तो शून्यच वाटला. सगळं मिळून सहा किलो भरलं नाही, आणि सगळं आत गेल्यावर ट्रेलरमध्ये गणपतीच्या उंदरालाही जागा उरली नाही. दिवाण भरला, माळा भरला, भोकाभोकांच्या स्टँडमधून मोराची शेपटी बाहेर आली. आमच्या ट्रेलरला हवं होतं तसं सामान जगात आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

मंदारने व्हिडिओ कॉलवर बाबांना आतून सगळं दाखवलं. कमान, महिरप, मोर, दोन्ही कड्या लावलेले कप्पे. बाबा चष्मा सारखा करत बराच वेळ बघत होते.

"मंदारराव," ते म्हणाले, "सगळं मागेच ठेवलंय. थोडं पुढे सरकवा."